हुशार मुलं गणितात का अडकतात? बर्कलीतल्या एका तरुण गणितज्ञाचा शोध

दहावीचा निकाल लागला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुबारकबादची रांग लागते. मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, एखादी संस्था सत्काराचा जलसा ठेवते, ट्रॉफी दिली जाते, फोटो निघतात. नव्वद टक्क्यांची मुलगी सायन्सला जाते. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत मात्र तिचं नाव कुणी काढत नाही. चौकशी केली तर घरचे हळू आवाजात सांगतात, "गणित जमलं नाही तिला. आर्ट्सला घातलं."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाकडे अशा चार-पाच मुलांची नावं असतात. ही नापास होणारी, उनाडक्या करणारी मुलं नव्हेत. वर्गात पहिली येणारी, वही नीट ठेवणारी, एकही दिवस न चुकवणारी मुलं. गाडी नेमकी त्यांचीच का अडते?

याला आपल्याकडे तयार उत्तरं आहेत. पोरांना शौक नाही. पाया कच्चा आहे. आई-वडील शिकलेले नाहीत, त्यांना तालीमचं महत्त्व कळत नाही. गरिबी आहे. ही चार वाक्यं आपण इतक्या वेळा ऐकली आणि बोललो आहोत की ती खरी आहेत का हे तपासावं, असं कुणाच्या मनातही येत नाही. आज एका अशा माणसाबद्दल लिहायचं आहे ज्याने ती तपासली. आपल्याकडे नाही, अमेरिकेत. आपल्या मुलांवर नाही, तिथल्या कृष्णवर्णीय मुलांवर. पण वाचताना आपल्याच मोहल्ल्याची गोष्ट वाचतोय की काय, असं वाटत राहतं.

त्याचं नाव युरी ट्राइझमन. १९७०च्या दशकात तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गणित विभागात पीएचडीचा विद्यार्थी होता. बर्कली म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल सरकारी विद्यापीठांपैकी एक. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना मोठ्या हॉलमध्ये प्राध्यापक शिकवतात, आणि मग लहान तुकड्यांमध्ये पीएचडी करणारे विद्यार्थी त्यांच्याकडून गणितं सोडवून घेतात. या सहायक शिक्षकांना तयार करण्याचं काम ट्राइझमनकडे होतं. म्हणजे तरुण संशोधक, पगार बेताचा, स्वतःचा प्रबंध पूर्ण व्हायचा आहे आणि वर हे काम.

त्याचे मार्गदर्शक होते लिऑन हेन्किन. तर्कशास्त्रात फार मोठं नाव, पण मला त्यांचं कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटतं. गणिताच्या वर्गात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं इतकी कमी का, हा प्रश्न त्यांनी बाजूला टाकला नाही. तो समाजशास्त्रवाल्यांचा प्रश्न आहे, आपला नाही, असं ते म्हणू शकले असते.

तर बर्कलीत अडचण ही होती. इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ व्हायचं तर पहिल्या वर्षी कॅल्क्युलस पास करावंच लागे. कॅल्क्युलस म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत येणारं डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन. पुढच्या सगळ्या विषयांचा तो दरवाजा. आणि त्या दरवाजात कृष्णवर्णीय मुलं पडत होती. पहिल्या सत्राचा कॅल्क्युलस पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांना डी किंवा एफ श्रेणी मिळत होती. एफ म्हणजे नापास, आणि डी म्हणजे कसंबसं. बी उणेच्या वर जाणारी मुलं तर एका वर्षात एक-दोनच.

ट्राइझमनने आधी लोकांना विचारलं, असं का होतं? विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडून आणि जाणकारांकडून आलेली उत्तरं चार गटांत बसली. या मुलांना जिद्द कमी असते. शाळेतली तयारी कमी पडते. घरून पाठबळ नसतं, घरच्यांना उच्च शिक्षण म्हणजे काय हे माहीत नसतं. आणि घरची परिस्थिती गरीब. वरची आपली यादी पुन्हा वाचून पाहा. समुद्रापलीकडची माणसं, वेगळा वंश, वेगळा धर्म, आणि वाक्यं मात्र तीच.

हे सांगणारे लोक दुष्ट नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. बहुतेकांना त्या मुलांचं भलंच व्हावंसं वाटत होतं. पण चारही कारणांत दोष मुलात किंवा त्याच्या घरात आहे. वर्गात, शिकवण्यात, विद्यापीठात काही चुकत असेल, ही शक्यता एकाही उत्तरात नाही.

मग त्याने मुलांकडे नीट पाहिलं. जिद्द कमी? ही मुलं तर आपापल्या शाळेत पहिली आलेली होती. चर्चच्या तरुण मंडळांची पुढारी होती, आपापल्या वस्तीची शान होती. बर्कलीपर्यंत पोहोचणं काही खायचं काम नव्हतं. तयारी कमी? तर प्रवेश परीक्षेत ज्यांचे गुण उत्तम होते अशी बरीच मुलं आधी बाहेर पडत होती, आणि जी थोडी टिकत होती ती मधल्या गुणांची. घरचं पाठबळ नाही? अनेक घरांत मूल जन्मायच्या आधीपासून ठरलेलं होतं की याला कॉलेजला पाठवायचंच. आणि पैसा? घरचं उत्पन्न जास्त म्हणून कॅल्क्युलसमध्ये गुण जास्त, असंही काही आढळलं नाही.

चारही कारणं गळून पडली.

इथे मला सच्चर समितीची आठवण होते. २००६च्या त्या अहवालाचा आपण उल्लेख करतो तो बहुतेक रडगाण्यासाठी. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आणि पदव्युत्तरला दर ५० मागे एक, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच अहवालाने एक गैरसमजही मोडला होता. मुस्लिम आई-वडील मुलांना मदरशातच घालतात म्हणून ती मागे राहतात, असं सर्रास बोललं जाई. मोजलं तेव्हा शाळेच्या वयाच्या मुलांपैकी मदरशात शिकणारी मुलं शंभरात तीन-चारच निघाली. बाकीचे आई-वडील मुलांना शाळेतच घालत होते, जिथे शाळा होती तिथे. न मोजता बोललेलं कारण किती वर्षं खपून जातं पाहा.

परत बर्कलीला येऊ. चार कारणं खोटी ठरली, पण खरं कारण अजून सापडलं नव्हतं. ट्राइझमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले. चिनी यासाठी की त्या विभागात कॅल्क्युलसमध्ये चांगली कामगिरी करणारा तो गट होता. मग तो सुमारे दीड वर्ष या मुलांच्या मागेमागे राहिला. त्यांच्या खोल्यांवर गेला, ती कुठे बसतात, किती वेळ बसतात, अडल्यावर काय करतात हे पाहिलं. प्रश्नावली वाटून आठवड्यात अहवाल लिहिता आला असता. त्याने तसं केलं नाही, आणि म्हणूनच त्याला ते दिसलं.

कृष्णवर्णीय मुलं काय करत होती? वर्गाला वेळेवर जात होती. टिपणं घेत होती. गृहपाठ करून ठरल्या दिवशी देत होती. आठवड्याला सहा ते आठ तास कॅल्क्युलसचा अभ्यास करत होती, कारण त्यांना तेवढाच सांगितला होता. आणि हे सगळं ती एकटीच करत होती. २० पैकी १८ मुलं वर्गातल्या दुसऱ्या कुणाबरोबर कधीच अभ्यास करत नव्हती. 

अभ्यास एका कप्प्यात आणि मित्रमंडळी दुसऱ्या कप्प्यात, अशी त्यांच्या दिवसाची सरळ विभागणी होती. शाळेत असताना या विभागणीनेच त्यांना तारलं होतं. ज्या शाळेत बहुतेक मुलांना अभ्यासात रस नसतो, तिथे दार लावून एकट्याने बसणारा पुढे जातो. तीच सवय बर्कलीत त्यांच्या गळ्याशी आली. शेजारचा किती तास बसतो, त्याला कोणतं गणित अडलं, कुणाला किती येतं, काहीच पत्ता नाही. परीक्षेचा निकाल हातात पडला की धक्का बसायचा. आणि धक्का बसल्यावर एकटं मूल एकच निष्कर्ष काढतं: मलाच येत नाही. मी इथला नाही.

आता चिनी मुलं. ती आठवड्याला सुमारे १४ तास द्यायची. त्यातले आठ-दहा तास तीसुद्धा एकेकटीच बसायची, हे विसरू नका. पण मग संध्याकाळी जमायची. एकत्र काहीतरी रांधायची, जेवता जेवता गृहपाठ काढायची. एकाचं उत्तर वेगळं आणि बाकी सगळ्यांचं एकच आलं, तर त्या एकाला लगेच कळायचं की आपण कुठेतरी घसरलो, आणि तो तिथेच विचारून घ्यायचा. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आली किंवा कुणालाच जमलं नाही, तर समजायचं की गणितच अवघड आहे, सरांनी मुद्दाम घातलेलं. या एका गोष्टीने किती फरक पडतो! तेच गणित एकट्या मुलाला अडलं तर तो स्वतःला 'ढ' समजतो, आणि पाच जणांना अडलं तर पाचही जण हसतात आणि कामाला लागतात.

ही मुलं एकमेकांचं इंग्रजीसुद्धा तपासून द्यायची. ग्रंथालयात जुन्या परीक्षांचे पेपर ठेवलेले असत, ते काढून सोडवायची. मधूनच कुणाचा मोठा भाऊ नाहीतर चुलतभाऊ यायचा आणि त्यांची परीक्षा घ्यायचा. वर्गात आपण नेमके कुठे आहोत, हे प्रत्येकाला ठाऊक असायचं.

यात बुद्धीचा फरक कुठे आहे? वंशाचा कुठे आहे? एका गटाला आपसूक एक गोतावळा मिळाला होता, दुसऱ्याला मिळाला नव्हता. बस्स.

ट्राइझमनने नुसता प्रबंध लिहून कपाटात ठेवला नाही. १९७८च्या सुमारास त्याने बर्कलीत गणिताची कार्यशाळा सुरू केली. त्यातही त्याने एक गोष्ट अशी केली जी मला सगळ्यात हुशारीची वाटते. विद्यापीठात कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग आधीपासून होते, शिकवणीची सोय होती, मदत कक्ष होता. पण ज्यांना गरज होती ती मुलं तिकडे फिरकत नव्हती. फिरकतील तरी कशी? काल-परवा शाळेत पहिला आलेला मुलगा 'मागासांच्या वर्गात' जाऊन बसेल का? म्हणून ट्राइझमनने 'उपचारात्मक' हा शब्दच काढून टाकला. ही कार्यशाळा हुशार मुलांसाठी आहे, इथे वर्गापेक्षा अवघड गणितं मिळतील, आणि तुमची निवड झाली आहे म्हणून बोलावतो आहोत, असा निरोप गेला. दार सगळ्या वंशांच्या मुलांना उघडं होतं, भरणा मात्र कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचा होता.

आपल्याकडे काय होतं? शाळेत 'अप्रगत' मुलांची यादी लागते. नेक हेतूने भरवलेल्या मोफत क्लासला 'गरीब व गरजू विद्यार्थ्यांसाठी' असा फ्लेक्स लागतो, वर देणगीदारांचे फोटो. पंधरा वर्षांच्या पोराला त्या फ्लेक्सखालून आत जाताना काय वाटत असेल, याचा विचार फ्लेक्स छापणाऱ्याने एकदा करावा.

कार्यशाळेत व्हायचं काय? नेहमीच्या तासांशिवाय आठवड्यातून काही वेळा मुलं जमायची. पाच-सात जणांचा गट. प्रत्येकाला गणितांचा एक कागद मिळायचा. आधी ज्याने त्याने आपलं आपण झगडायचं, मग गटात बोलायचं. शिकवणारा फळ्यावर जायचा नाही. टेबलांमधून फिरायचा, ऐकायचा, अडलेल्या ठिकाणी उत्तर न देता एखादा प्रश्न टाकायचा. शिक्षक म्हणून सांगते, हे काम फळ्यावर शिकवण्यापेक्षा अवघड आहे. आमची जीभ शिवशिवते.

पुढे अनेकांनी ही कार्यशाळा पाहिली आणि 'अच्छा, गटात बसवायचं' एवढंच शिकून गेले. ट्राइझमनचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते खरा गाभा होता गणितांच्या कागदात. ती गणितंच अशी निवडलेली असायची की एकमेकांशी बोलल्याशिवाय राहवू नये. सूत्रात आकडे भरून उत्तर येणारी वीस गणितं चार मुलांना दिली, तर चार मुलं पाच-पाच वाटून घेतात आणि मग एकमेकांची उतरवतात. तो गट नव्हे, ती कॉपी.

बोलायला लावणारं गणित म्हणजे कसं, हे आपल्या दहावीच्या वर्गसमीकरणांतून दाखवते. उदाहरण ट्राइझमनचं नाही, त्याच्या हजारभर वर्षं आधीचं आहे. बगदादमध्ये नवव्या शतकात बसलेल्या अल-ख्वारिझ्मी यांच्या पुस्तकातलं. ज्यांच्या किताबाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून अलजेब्रा हा शब्द आला, ते. जलशांतल्या तकरीरीत आपण त्यांचं नाव मोठ्या अभिमानाने घेतो, पण त्यांचं एखादं गणित मुलांसमोर ठेवत नाही.

दहाचे दोन भाग करा, ज्यांचा गुणाकार २१ येईल. सातवीचं मूलही तीन आणि सात सांगेल. अल-ख्वारिझ्मींच्या शब्दांत हेच गणित असं येतं: एका संख्येचा वर्ग आणि २१ मिळून त्या संख्येची दहापट होते. उत्तर ३ किंवा ७. ठीक. आता गटाला विचारा, गुणाकार २४ हवा असेल तर? चार आणि सहा. २५ हवा असेल तर? पाच आणि पाच. आणि ३० हवा असेल तर?

इथे गंमत सुरू होते. एक मुलगी १ आणि ९, २ आणि ८ असा तक्ता करते आणि म्हणते, येतच नाही. दुसरा म्हणतो, अपूर्णांक घेऊन बघ की. साडेचार आणि साडेपाच घेतले तर पावणेपंचवीस. म्हणजे पाच-पाचच्या अलीकडे-पलीकडे सरकलं की गुणाकार कमीच होतो. तिसरा दोऱ्याची चौकट करतो: घेर वीस, लांबी-रुंदीची बेरीज दहा, क्षेत्रफळ सगळ्यात जास्त कधी? चौरस झाला तेव्हा. चौथीला दहावीचं सूत्र आठवतं, ती मांडते: शंभरातून चार गुणिले तीस वजा करा, उणे वीस. वर्गमुळाखाली उणे संख्या, म्हणजे वास्तव उत्तर नाही. मग पहिली विचारते, तुझं उणे वीस आणि माझा न जमणारा तक्ता, हे दोन्ही एकच आहे का?

हा प्रश्न पुस्तकात नाही. पण तो ज्या मुलीला पडला तिला 'विवेचक' हा शब्द परत कधी पाठ करावा लागणार नाही. शिवाय जास्तीत जास्त गुणाकार कधी, हाच पुढे कॅल्क्युलसमधला प्रश्न होतो. अल-ख्वारिझ्मींनी स्वतः लिहून ठेवलं आहे की मुळांच्या संख्येच्या निम्म्याचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा कमी पडला तर गणित सुटणारं नाही. इथे मुळांची संख्या दहा, तिचा निम्मा पाच, पाचाचा वर्ग २५. तीस त्याहून मोठं.

बर्कलीच्या कार्यशाळेचा परिणाम काय झाला, ते सांगायचं राहिलं. प्रवेश परीक्षेच्या गणितात तिथे ८०० पैकी गुण मिळतात. कार्यशाळेत येणारी कृष्णवर्णीय मुलं, ज्यांचे गुण सहाशेच्या थोडे वर होते, ती कॅल्क्युलसमध्ये साडेसातशेच्या आसपास गुण असलेल्या गोऱ्या आणि आशियाई मुलांच्या बरोबरीने यायला लागली. मुलं तीच, घरं तीच, उत्पन्न तेच. ट्राइझमनने १९८५ साली याच कामावर पीएचडी पूर्ण केली. १९८०च्या दशकाच्या शेवटी टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनमध्ये याच धर्तीवर कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे इतर अनेक विद्यापीठांनी. १९९२ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तो टेक्सासलाच गेला आणि तिथे डेना सेंटर उभं केलं.

तिथे गेल्यावर त्याने आणखी एक ओझं हातात घेतलं. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत लाखो मुलं 'कच्ची' ठरवून पाया पक्का करण्याच्या वर्गात बसवली जातात, तीच बीजगणिताची पुस्तकं पुन्हा, आणि त्यातली बरीच तिथूनच घरी जातात. परिचारिका किंवा समाजसेवक होऊ पाहणाऱ्या मुलीला खरं तर संख्याशास्त्र लागणार असतं. मग तिला नको त्या बीजगणिताच्या फाटकात अडकवून का ठेवायचं? म्हणून डेना सेंटरने ज्याला जे लागतं त्या गणिताचा रस्ता देणारे अभ्यासक्रम तयार केले. यावर वाद आहेत. 'हलकं गणित' देऊन गरीब मुलांचे मोठे रस्ते बंद होतील, ही भीती काहींना वाटते, आणि मला ती अगदीच बिनबुडाची वाटत नाही. पण दोष मुलात शोधण्याआधी अभ्यासक्रम तपासायचा, ही त्याची रीत इथेही तीच आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. बर्कली आणि मालेगाव एक नाही, हे मलाही कळतं. आपल्याकडे भूक आहे, पॉवरलूमचा आवाज आहे, दोन खोल्यांत नऊ माणसं आहेत. तयारीतल्या उणिवाही खऱ्या आहेत, कारण अनेक शाळांत गणिताचा शिक्षकच नसतो. ट्राइझमनसमोरची मुलं बर्कलीपर्यंत पोहोचलेली होती, आपली अजून वाटेत आहेत. म्हणून त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण अकरावी सायन्सला गेलेल्या आपल्या पहिल्या नंबराच्या मुलीचं काय होतं, हे त्याच्या नजरेने पाहिलं तर बरंच दिसतं.

दहा वर्षं तिने मुसल्लस, दायरा, मसावात या शब्दांत गणित केलं. जूनमध्ये ती शहरातल्या ज्युनियर कॉलेजात जाते आणि समोर ट्रँगल, सर्कल, इक्वेशन येतात, तेही भरधाव इंग्रजीत. गणित तिला येतं, शब्द येत नाही. शेजारी बसलेल्या मुलीला विचारावं तर ओळख नाही. सरांना विचारावं तर ऐंशी मुलांसमोर हात वर करायचा. घरी यायचं तर एसटीची वेळ गाठायची, कॉलेज सुटल्यावर थांबता येत नाही. घरी अम्मी-अब्बा मनापासून दुआ करतात, पण इंटिग्रेशन काही त्यांच्या ओळखीचं नाही. बर्कलीतल्या त्या चिनी मुलांचं इंग्रजी तपासणारा मित्र होता, परीक्षा घेणारा चुलतभाऊ होता. हिच्याकडे काय आहे? एक गाईड, आणि मोबाईलवरचे व्हिडिओ. व्हिडिओ चांगले असतात, मीही मुलांना सांगते. पण 'मलाही हेच अडलं होतं' असं व्हिडिओ म्हणत नाही.

मग आपण तिला आणखी एकटं करतो. "मैत्रिणी नकोत, अभ्यास कर." "इकडे-तिकडे बसू नको, सरळ घरी ये." यामागे काळजी असते, मुलींच्या बाबतीत तर जास्तच, आणि ती काळजी मी थट्टेवारी नेणार नाही. पण अभ्यास आणि मैत्री वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणारी ती १८ मुलं याच वाटेने गेली होती.

उपाय महागडा नाही. मोहल्ल्यातून किंवा आजूबाजूच्या दोन-तीन गावांतून अकरावी सायन्सला गेलेली चार-पाच मुलं निघतातच. मुलींचा गट वेगळा हवा असेल तर वेगळा करा. जागा एखाद्या घराची बैठक असू शकते, शाळेचा रिकामा वर्ग असू शकतो, मशिदीला लागून असलेला हॉल असू शकतो. मगरिबनंतर दीड-दोन तास, आठवड्यातून दोनदा. त्याआधी प्रत्येकाने घरी एकट्याने गणितं करून यायची, नाहीतर ती नुसती गप्पांची मैफल होईल. एक वही अशी ठेवा ज्यात उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही शब्द शेजारी शेजारी असतील. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करा. चहा-खारी हवीच, ट्राइझमनची मुलंसुद्धा आधी रांधायची!

आणि तो परीक्षा घेणारा मोठा भाऊ? पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या घरांत तो नसतो. पण मोहल्ल्यात बीएस्सीचा, इंजिनिअरिंगचा एखादा मुलगा, एखादी आपा असतेच. तिला महिन्यातून दोनदा बोलवा. शिकवायला नव्हे, विचारायला. सत्काराच्या जलशावर खर्च होणाऱ्या पैशातून तिचा येण्या-जाण्याचा खर्च आणि थोडं मानधन सहज निघेल.

एक गोष्ट वेळेची. बर्कलीतली मुलं वर्षाच्या शेवटी नव्हे, पहिल्याच सत्रात गळत होती. आपल्याकडेही अकरावीची पहिली चाचणी झाली की काही मुलं मनातून बाहेर पडलेली असतात, शाखा बदलल्याचं आपल्याला कळतं ते नंतर. दिवाळीनंतर लावलेला क्लास त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गट बसवायचा तर तो प्रवेश झाल्याच्या आठवड्यात.